जिच्या तिच्या सरकारला शिव्या

"त्या बाईंशी तुम्ही कुठल्या भाषेत बोलता?" चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं आणि मी सरळ सांगून टाकलं, "रशियन."

माझ्या मुलाचा, अवधूतचा, चेहरा पांढराफटक पडला. सावनी, माझी सून, चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. यात दडवण्यासारखं काय आहे ते मला कळेना. पुण्यात कॉलेजात मी जन्मभर रशियन शिकवलं. आमच्या तरुणपणी रशिया म्हणजे आपला जिवलग दोस्त, तिकडची पुस्तकं शेंगदाण्याच्या भावात मिळायची, आणि हुशार पोरी ती भाषा शिकायच्या. पुढे पोरगा अमेरिकेत रेडमंडला येऊन सॉफ्टवेअर लिहील आणि आईला रशियन येणं म्हणजे घरात चोर सापडल्यासारखं होईल, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

अवधूतच्या कंपनीला इथल्या लष्कराचं काम मिळालं होतं. त्याची जुनी टीम बंद होणार होती. नव्या कामावर घ्यायचं तर सरकार आधी माणसाची सात पिढ्यांची कुंडली मांडणार, आणि त्यात खोट निघाली की नोकरीला रामराम. म्हणून हे साहेब दाराशी बूट काढून, मोज्यांवर, आमच्या सोफ्यावर अदबीनं बसले होते. माणूस गोड बोलत होता. गोड बोलणाऱ्या सरकारी माणसाची मला पहिल्यापासून भीती वाटते.

समोरच्या घराच्या बेलमधल्या कॅमेऱ्यात त्या बाई, म्हणजे माझी मैत्रीण नीना, आणि मी आमच्या दाराशी दिसलो होतो म्हणे. दर आठवड्याला झाकणबंद वस्तू एकमेकींना देतो, असं समोरच्यांनी त्यांना सांगितलं. मी म्हटलं, अहो, तो डबा. पहिल्यांदा मी नीनाला साबुदाण्याची खिचडी दिली, तिनं त्यात काकडीचं लोणचं घालून डबा परत केला. आता आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून मी वड्या घातल्या. वड्यांवर तिनं बीटाची भाजी दिली. हे असं चालूच आहे, त्याला अंत नाही.

"म्हणजे आत नेहमीच काहीतरी असतं?" साहेबांनी विचारलं आणि लिहून घेतलं. मी कपाळावर हात मारला, तेही त्यांनी पाहिलं.

नीना मूळची रशियाची, आमच्या मागच्या गल्लीत लेकीकडे राहते. लेकीनं अमेरिकन माणसाशी लग्न केलंय, नीनाला कायमचं इथे राहू द्यावं म्हणून अर्ज केलाय, आणि त्याचं उत्तर अजून यायचंय. तिला इंग्रजी येत नाही आणि जावयाला रशियन येत नाही. पार्कातल्या बाकावर मी पहिल्यांदा तिच्या भाषेत "इथे बसू का?" म्हटलं तेव्हा ती बाई चक्क रडली होती. त्या दिवसापासून पाऊस असो, थंडी असो, सकाळचा बाक आमचा.

बाकावर आमचा एक नियम. जिनं तिनं आपापल्या सरकारला शिव्या घालायच्या, दुसरीच्या सरकारला नाही. पाहुण्याच्या घराला नावं ठेवू नयेत, तसंच. तिनं रशियावर तोंडसुख घ्यायचं: दुसऱ्याच्या देशात रणगाडे घुसवायचे आणि वर त्याला युद्ध म्हणायची चोरी! शाळेत शिकवणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणीनं वर्गात ‘युद्ध’ म्हटलं, एका पालकानं चुगली केली आणि बहीण घरी बसली. मग माझी पाळी. पोरगा इथला नागरिक, म्हणजे हे सरकार माझ्या वाट्याचं. मी इराकवरून सुरुवात करायची. नसलेली शस्त्रं शोधायला आख्खा देश उद्ध्वस्त केला आणि आता जगाला शिकवतायत की दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. ही म्हण मी तिला रशियनमध्ये समजावली तेव्हा ती हसून हसून बाकावरून घसरायची राहिली होती. दोघं एकाच माळेचे मणी, यावर आमचं एकमत होतं.

साहेबांचा पुढचा प्रश्न नेमका तिथेच आला. "त्या बाई अमेरिकेच्या सरकारविरुद्ध काही बोलतात का?"

"छे, एक अक्षर नाही," मी म्हटलं. "ते मी बोलते."

अवधूतला ठसका लागला. साहेबांनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, हसले आणि लिहिलं. मग जाताना त्यांनी माझ्या हातात कार्ड ठेवलं. त्या बाईंनी मुलाच्या कामाबद्दल कधी काही विचारलं तर एक फोन करा, म्हणाले. तुमच्या मुलाच्याच भल्यासाठी.

दार लागल्यावर अवधूतनं चहाचे कप गोळा केले. ओरडला असता तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, "आई, मी तुला नीनाकाकूंशी बोलू नको असं नाही म्हणत. पण थोडे दिवस अव्हॉइड कर ना. हे क्लिअर नाही झालं तर मला लेऑफ करतील." सावनीनं मान खाली घातली. लेकराची नोकरी माझ्या जिभेवर टांगलेली, आणि माझी जीभ ही अशी.

संध्याकाळी बातम्यांत वॉशिंग्टनचा कोणी प्रवक्ता तावातावानं सांगत होता की रशियात सरकार शेजाऱ्यालाच शेजाऱ्यावर पाळत ठेवायला लावतं, ही लोकशाही नव्हे. कार्ड तेव्हा माझ्या मांडीवर होतं. मला हसू आलं आणि मग हसू आल्याचीच धास्ती वाटली. समोरच्यांच्या कॅमेऱ्याला आमची खिडकी दिसते का, हे मी पडदा सरकवून बघितलं. अशी मी नव्हते हो.

पण खरं विष पुढे आहे. दुसऱ्या दिवशी भेंडी चिरताना मला आठवलं, नीनानं एकदा विचारलं होतं, तुझा मुलगा घरी कधी येतो? का विचारलं असेल? तो काय काम करतो, हेही विचारलं होतं. आता कुठलीही बाई विचारेल, मीही तिच्या जावयाचं विचारलं होतं. हे सगळं कळत होतं, तरी सुरी थांबली. तिचा अर्ज अडकलाय. तिला कोणी म्हटलं असेल का, की त्या हिंदुस्तानी बाईचं काय ते सांग, मग अर्जाचं बघू? आणि तिनं माझी इराकची पारायणं सांगितली असतील तर? ज्या बाईनं मला पोटातलं सगळं सांगितलं तिच्याबद्दल माझ्या मनात हे यावं, याचा मला इतका संताप आला की मी त्या कार्डाचे तुकडे तुकडे केले आणि भेंडीच्या देठांबरोबर टाकून दिले. मॉस्कोवाल्यांनो, वॉशिंग्टनवाल्यांनो, तुमची भांडणं तुमच्यापाशी ठेवा, आमचा बाक कशाला बाटवता?

चार-पाच दिवस मी घरात काढले. मग अवधूतला स्पष्ट सांगितलं, मी जाते, फोन कुणाला करणार नाही, आणि राजकारणावर अवाक्षर काढणार नाही. त्यानं नुसती मान हलवली. जाताना त्यानं माझ्या कोटाची चेन गळ्यापर्यंत लावून दिली.

नीना बाकावर होती. रिमझिम चालू होती आणि तिची छत्री मिटलेली, मांडीवर. मी शेजारी बसले आणि नेहमीसारखं रशियनमध्ये तब्येतीचं विचारलं. तिनं माझ्याकडे न बघता, समोरच्या झाडांना सांगावं तसं, मोठ्यानं इंग्रजीत उत्तर दिलं.

"गुड मॉर्निंग. आय ॲम फाइन. थँक यू."

पुढचं वाक्य तिनं पाठ केलं होतं, ते कळत होतं. "माय डॉटर से, ओन्ली इंग्लिश. मॅन कम टू हाउस. आस्क अबाउट यू."

"ओके," मी म्हटलं.

"वेदर नाइस," नीना म्हणाली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं.

"येस. व्हेरी नाइस."

तिचं इंग्रजी तिथेच संपलं. माझ्याकडे बरंच शिल्लक होतं, पण ते तिला कळलं नसतं. मी माझी छत्री तिच्या बाजूला कलती केली, आणि तशाच आम्ही दोघी गप्प बसून राहिलो.