माझ्या कडेचा टवका

मी एक जुना, चिनी मातीचा खल आहे. मित्रांनो, माझ्या कडेचा एक टवका उडालेला आहे. पाहणारे हळहळतात, पण मला त्याचा अभिमान वाटतो.

भट्टीतून पांढराशुभ्र निघालो तो थेट प्रयोगशाळेत आलो. तिथे संशोधन करणाऱ्या ताई माझ्यात एका झुडपाची वाळकी मुळी कुटत आणि तिच्यातून काढलेली पिवळसर पूड आजारी उंदरांना देत. सेप्सिस झाला की जंतूंशी लढता लढता शरीर इतकं चवताळतं, की स्वतःचंच घर जाळू लागतं. उंदरांच्या अंगातली ती आग या पुडीने निवत होती.

मला धुऊनपुसून ठेवणारे मामा मागे लागत, "ताई, चिमूटभर द्या की! गुडघा सुजलाय."

"मामा, हे अजून उंदरांचं औषध आहे, माणसांचं नाही."

"उंदरांचं नशीब थोर!" मामा पुटपुटत.

एका शनिवारी पाळणाघर बंद होतं, म्हणून ताईंनी चार वर्षांच्या लेकीला सोबत आणलं. तिचं अंग जरा कोमट होतं, एवढंच. औषध झोंबतं म्हणून पोरीने गुडघ्यावरची चिघळलेली जखम दोन दिवस लपवली होती. दुपारी ती बोलेनाशी झाली. हातपाय गार, श्वास भराभर. ताईंनी ओळखलं, हा सेप्सिस. हा आजार त्यांना तोंडपाठ होता, पण आईचं मन! हात पुडीच्या बाटलीकडे गेला. "नखभरच देते..."

"ताई! ते उंदरांचं औषध आहे, तुम्हीच सांगता ना? उचला लेकराला. मी रिक्षा थांबवतो," मामा ओरडले.

ताई भानावर आल्या. लेकीला उचलताना कोपर लागलं आणि मी खाली आपटलो. कुणी वळूनही पाहिलं नाही. बरंच झालं!

रुग्णालयात जंतू मारणारी औषधं आणि सलाईन वेळेवर सुरू झालं. पोर वाचली.

तीन आठवड्यांनी ती आली. माझ्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "मामा, याला बाऊ झाला?"

"हो गं बाई, तुझ्यापायी."

तिने गुडघ्यावरची पट्टी सोलून माझ्या टवक्यावर चिकटवली.

आता मुळी नव्या खलात कुटतात. माझ्यात पेन्सिली असतात. ती पूड एक दिवस साऱ्या परीक्षा पास होवो. तोवर, मित्रांनो, झोंबलं तरी जखम धुऊन घ्या आणि दुखलं-खुपलं आईपासून लपवू नका.

आणि एवढं करा, मला पुसताना ती पट्टी तेवढी काढू नका.