कागदावरचा पगार

दोघे सख्खे भाऊ. धाकटा वेल्डर. पाइपांचे असे जोड करायचा की एक्स-रे काढला तरी केसाएवढी फट सापडायची नाही. थोरल्याच्या हातात कसब नव्हतं, ते सगळं जिभेवर उतरलं होतं. कामं तो आणायचा. दहा वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत राबल्यावर दोघांनी स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. शंभर शेअर. एकावन्न थोरल्याचे, एकोणपन्नास धाकट्याचे.

"दोन शेअरचा फरक कसला बघतोस?" थोरला म्हणाला. "घरातच राहणार ना?"

धाकट्याने हसून सही केली.

कंपनीचा कर बघायला एक अकाउंटंट बाई होत्या. तिसऱ्या मजल्यावर खोली, चष्मा कपाळावर, बोलणं चोख. "सगळे पैसे पगार म्हणून उचलू नका," त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "पगारावर कर जास्त, वर दर महिन्याची कपात वेगळी. पगार जेमतेम ठेवा. कंपनीने आपला कर भरला की उरलेला नफा लाभांश म्हणून वाटून घ्या. सरळ कायद्यातलं आहे, चोरी नाही."

चार वर्षं झकास गेली. पगार चिमणीच्या चाऱ्याएवढा, पण वर्षाअखेर वाटा असा यायचा की धाकट्याची बायको म्हणायची, "अहो, पगार नसला तरी चालेल आपल्याला."

मग एका दुपारी, गॅसच्या टाकीवर जोड घासताना, धाकट्याच्या हातातल्या ग्राइंडरची चकती फुटली. आवाज झाला फटाक्यासारखा. पहिल्यांदा त्याला काहीच दुखलं नाही. त्याने खाली पाहिलं तर हातमोज्याची तीन बोटं टाकीच्या बुडाशी पडली होती, आणि ती रिकामी नव्हती. मग रक्त उडालं. तापलेल्या लोखंडावर ते चरचरलं आणि त्या वासाने तो गुडघ्यांवर बसला.

उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली. वेल्डिंगची टॉर्च धरणाऱ्या माणसाला तेवढं पुरत नाही.

नुकसानभरपाईच्या कचेरीत कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला. "पगार एवढाच?"

"पगार एवढाच, पण वाटा..." धाकट्याची बायको म्हणाली.

"वाटा आम्ही धरत नाही, ताई. बोटं पगारावर मोजतात."

महिन्याला जी रक्कम मंजूर झाली त्यात घरभाडंसुद्धा निघेना. धाकटा थोरल्याकडे गेला. थोरला म्हणाला, "बारक्या, तू नाहीस तर काम नाही, काम नाही तर नफा नाही. वाटा कुठून काढू? जरा दम धर." धाकट्याने पाच महिने दम धरला. बायको दुसऱ्यांच्या घरची म्हातारी माणसं सांभाळायला जाऊ लागली. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावता लावता त्याचा घाम निघायचा.

सहाव्या महिन्यात तो एकटाच बाईंकडे गेला. त्याला फक्त विचारायचं होतं, वाटा कधी निघेल. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फाइल काढली.

"तुम्हाला हे माहीत नाही?" त्यांनी एक पत्र पुढे केलं. तीन वर्षांपूर्वीचं. पगार कमी दाखवल्यामुळे अपघातात भरपाईही कमी मिळेल, तेव्हा कंपनीच्या खर्चाने दोघांचाही वेगळा विमा उतरवा, असं त्यात लिहिलं होतं. खाली थोरल्याचं वळणदार अक्षर: सध्या नको, खर्च वाढतो.

"मी तुम्हालाही वेगळं कळवायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "चुकलंच माझं."

"आणि नफा?"

"नफा शिल्लक आहे. वाटायचा की नाही ते जास्त शेअरवाला ठरवतो. त्यांनी मधे कंपनीकडून उचल घेतली आहे. नवीन घरासाठी."

"कधी?"

बाईंनी तारीख सांगितली. धाकट्याच्या हाताचे टाके काढले त्याच आठवड्यातली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. धाकट्याची वरून खाली आली, थंड होऊन. तो चालत वर्कशॉपला गेला. सकाळचे अकरा वाजले होते. थोरला कामाच्या टेबलाशी फोनवर कुणाशी तरी हसत होता.

"दादा, विम्याला नको का म्हणालास?"

थोरल्याने फोन खाली ठेवला. "कोण म्हणालं तुला? हे बघ, मी माझाही नाही उतरवला. आणि चार वर्षं वाटा गिळताना बरा गोड लागला तुला!"

धाकट्याने डाव्या हाताने त्याच्या कानाखाली जाळ काढला. थोरला टेबलावर आदळला, उठला, आणि त्याने धाकट्याचा उजवा हात पकडून टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यावर आपटला. अजून कोवळी असलेली कातडी उसवली. धाकटा जनावरासारखा ओरडला. त्याने डोक्याने थोरल्याचं नाक फोडलं, त्याला जमिनीवर पाडलं, आणि हाताला लागला तो पाइपाचा तुकडा उचलून त्याच्या जबड्यावर हाणला. एकदा. दोनदा. दुसऱ्यांदा सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. थोरल्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दोन दात जमिनीवर पडले.

धाकट्याने पाइप तिसऱ्यांदा वर नेला. थोरला हात जोडत नव्हता, पळत नव्हता. तो फक्त रक्तातून "बारक्या, बारक्या" म्हणायचा प्रयत्न करत होता आणि मोडक्या जबड्यातून ते नाव नीट निघत नव्हतं. धाकट्याने पाइप भिंतीवर फेकला आणि तिथेच उभ्या उभ्या ओकला. मग त्यानेच फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. पोलिसांनाही.

थोरल्याचा जबडा सात आठवडे तारेने बांधलेला होता. धाकट्याला वर्षाची शिक्षा झाली. तो पहिलाच गुन्हा होता म्हणून ती स्थगित राहिली. वकिलाने खूप समजावलं तरी त्याने न्यायाधीशांसमोर पश्चात्ताप झाला असं म्हटलं नाही. पहिल्या फटक्याचा त्याला झाला नव्हता. दुसऱ्याचा झाला होता, पण असा अर्धा पश्चात्ताप लिहून घ्यायला कोर्टाच्या कागदावर जागा नसते.

शेवटी बाईंच्याच खोलीत दोघे बसले. धाकट्याचे शेअर थोरला विकत घेणार होता. उचल परत भरून, साठलेला वाटा आधी देऊन. थोरल्याचा चेहरा एका बाजूला बसला होता. सहीसाठी धाकट्याने पेन डाव्या हातात घेतलं, आणि कागद टेबलावर सरकू लागला. थोरल्याने हात पुढे केला. धाकटा दचकून खुर्चीसकट मागे सरला. तसा थोरलाही दचकला, त्याने कोपर तोंडावर घेतलं.

बाई पाहत राहिल्या.

मग थोरल्याने तळहात सावकाश कागदावर ठेवला आणि तो दाबून धरला. धाकट्याने वाकडीतिकडी सही केली, पेनला टोपण लावलं आणि बायकोला कामावरून आणायला जिना उतरून गेला.