पायांवरची आंघोळ

नवरा जागेश्वर हातमागावर बसला की त्याच्या पायांखालचा खड्डा वच्छलेला दिसायचा आणि पाठोपाठ, आपल्याच हातांतून त्यात पडणारी तान्ही चिमी. रोज. लख्ख. म्हणून ती लेकीला पाजण्यापुरती घ्यायची आणि लगेच झोळीत ठेवून द्यायची.

"काहून वं, पोट्टीले काय काटे आहेत?" सासू गोदूबाई टोचायच्या. "तुले सांभाळनं होत नसन तर उमरेडले शोभाजवळ नेऊन देतो. तिची कूस तरी थंड होईन."

वच्छला झोळीला झोका देत राहायची. खरं सांगावं तर पागलखाना, न सांगावं तर उमरेडची नणंद.

चिमीला लस टोचायला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेकराला अशी निखाऱ्यासारखी का धरली?" आणि वच्छलेचा बांध फुटला. सगळं बोलून झाल्यावर ती थिजलीच. "मले पागलखान्यात टाकता का, बाई?"

"छे! पुष्कळ ओल्या बाळंतिणींना होतं असं. यालाही उपचार असतो. दर मंगळवारी या, माझ्याशी बोलत बसा. घरी हिला न्हाऊ कोण घालतं?"

"मामीजी... माही सासू."

"आता तुम्ही घाला. हातांचं भय वाटतं ना? मग पायांवर घ्या. पण जिला हे ठाऊक आहे, अशी कोणीतरी जवळ हवी."

न्हाऊ घालणं म्हणजे गोदूबाईंचा मान. तो मागायचा तर कारण सांगावं लागणार. सकाळी त्यांनी तेलाची वाटी घेतली, तेव्हा भिंतीकडे बघत वच्छलेनं खड्ड्याचं, डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगून टाकलं. पुढच्या खोलीतला मागाचा खटखटाट थांबला. जागेश्वरनंही ऐकलं होतं.

गोदूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आता... या घडीले दिसून राहिलं का?"

"हो."

"मंग बस. पाय सोड."

नडग्यांवर चिमीचं ऊबदार वजन आलं. वच्छलेनं हात पाठीमागे लपवले. "तुमीच धरा न, मामीजी!"

"मी नाही धरत. मी हाय इथं, पाहून राहिली," म्हणत गोदूबाईंनी तांब्या कलता केला. धार चिमीच्या टाळूवरून डोळ्यांकडे उतरू लागली, तशी वच्छलेनं झटकन तिच्या कपाळावर तळवा आडवा धरला.

"भेव हाय अजून?"

"हाय."

"असू दे. पाठ चोळ तिची."