थरथरणारा तळहात

उदगीरचे गुरुलिंगअप्पा वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पूजेच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायला लागले. त्याआधी पन्नास वर्षं ते दार सताड उघडं असायचं. पूजा चालू असताना पत्नी शिवकांताबाई आतबाहेर करायच्या, नातवंडं डोकावून जायची. आता मात्र आंघोळ झाली की अप्पा आत जायचे आणि कडी घालायचे.

कारण त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. लिंगायत जन्मभर अंगावर वागवतात ते इष्टलिंग गळ्यातल्या करंड्यातून काढून डाव्या तळहातावर घेतलं की हात थरथरायचा. आधी बोटंच हलायची, मग मनगटसुद्धा. नजर लिंगावर ठेवायची, तर ती सारी हाताच्या कापण्यावरच जायची.

थोरले भाऊ रामलिंगअण्णा यांना कंपवात होता. शेवटची चार वर्षं त्यांना वरणभात दुसऱ्यानं भरवावा लागला. अप्पांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता आपली पाळी, असं त्यांनी मनाशी धरलं आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. त्यात भर म्हणून न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा. दोनदा नळ धरला म्हणून वाचले.

श्रावणातल्या एका सोमवारी लिंग तळहातावरून घसरलं. जमिनीवर नाही, मांडीवरच्या धोतरात पडलं. पण अप्पांच्या तोंडून असा आवाज निघाला की शिवकांताबाई हातातला तांब्या टाकून धावल्या आणि दार बडवायला लागल्या.

अप्पांनी कडी काढली. डोळे भरलेले.

"हात ऱ्हात न्हाई आता," ते म्हणाले. "अण्णाला झालं तेच मला झालंय."

शिवकांताबाईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "अन् मला वाटलं, माझ्यावर रागावून दार लावून बसून राहिलेत तुम्ही. तीन महिने झाले, मी मनातल्या मनात कुढून राहिले. उद्या लातूरला जायचं. मी काही ऐकणार न्हाई."

लातूरच्या डॉक्टर तनुजा मेंदूच्या आजारांच्या तज्ज्ञ. वयानं अप्पांच्या लेकीएवढ्या. त्यांनी आधी अप्पांना दोन्ही हात मांडीवर सैल सोडून बसायला सांगितलं. हात गप्प पडून राहिले. मग हात पुढे धरायला लावले, तशी बोटं थरथरायला लागली. कागदावर नाव लिहून घेतलं. अक्षरं वाकडीतिकडी आली, पण चांगली मोठी होती. दाराशी जाऊन परत यायला सांगितलं, चालताना हात हलतात का ते पाहिलं, मनगट वाकवून पाहिलं. मग नादकाटा, म्हणजे लोखंडी दुबेळकं, वाजवून पायाच्या घोट्याला टेकवलं.

"गुणगुण थांबली की सांगा, अप्पा."

"थांबली."

डॉक्टरांनी तेच दुबेळकं शिवकांताबाईंच्या मनगटाला लावलं. त्या दचकल्या. "अगं बाई, हे तर अजून वाजतंय!"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वय झालं की पायाचा निरोप मेंदूला उशिरा पोचतो, अर्धामुर्धाच पोचतो. एरवी डोळे सांभाळून घेतात. साबण लावताना डोळे मिटले की मेंदूला नुसत्या पायांवर विसंबावं लागतं, म्हणून तोल जातो. साखर आणि बी-बारा तपासून घेऊ, त्यानंही असं होतं."

"अन् हात?" अप्पांनी विचारलं.

"कंपवाताचा हात बहुधा निवांत ठेवलेला असताना कापतो. तुमचा धरल्यावर कापतो. चाल चांगली आहे, अक्षर बारीक झालेलं नाही, अंगात ताठरपणा नाही. हा कंपवात नाही, अप्पा. मेंदू हाताला स्थिर ठेवतो ना, ती पकड सैल झालीय. पुष्कळांना होतं हे उतारवयात."

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा."

डॉक्टर हसल्या आणि पुन्हा म्हणाल्या. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवा, बसून आंघोळ करा, रोज ओट्याला धरून एका पायावर उभे राहा. हात अधांतरी धरू नका, कोपराला टेकू द्या. एवढ्यानं नाही भागलं तर गोळी आहे.

बाहेर आल्यावर अप्पांनी पायरीवरच बसकण मारली. तीन महिन्यांचा श्वास एकदम सुटला. "लई भ्यालो होतो गं," ते म्हणाले. शिवकांताबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. पिताना थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. अप्पांनी पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडंच होतं. अप्पांनी मांडीशी उंच पाट ओढला, त्यावर कोपर टेकवलं आणि लिंग तळहातावर घेतलं. बोटं हललीच, पण लिंग जागचं ढळलं नाही. किती तरी दिवसांनी त्यांची नजर त्यावर ठरली.

पूजा आटोपून ते थेट स्वयंपाकघरात गेले. ओटा घट्ट धरून एक पाय उचलला आणि तोंडानं आकडे मोजायला लागले.

"अहो, भाकरी थापून राहिलेय मी, इथंच का मधी?" शिवकांताबाई करवादल्या.

"डॉक्टरनं सांगितलंय. सरक जरा तिकडं," अप्पा म्हणाले, आणि पाय बदलला.