रोजच रविवार

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. जुलेखा, म्हणजे माझी बायको, म्हणते की आरशातल्या माणसालाही मी ओळखपत्र मागेन. म्हणू दे. नाशकात वीस वर्षं खिडक्या-दारं बसवली की माणसावरचा विश्वास उडतोच. खिडकी बिघडली की गिऱ्हाईक म्हणतं, ‘आपोआप झालं.’ आपोआप काहीच होत नाही. काचेत वाफ धरली तर कुठून तरी हवा शिरलेली असते. पाणी आत आलं तर चौकटीतली पाणी जायची भोकं मुंग्या येतात म्हणून कोणीतरी बुजवलेली असतात. आणि दार खाली बसलं तर त्याला कोणीतरी लोंबकळलेलं असतं. कोण, ते शोधायचं एवढंच आपल्या हातात.

२००६च्या दिवाळीत मी विंचूरला यादवशेठच्या बंगल्यात डबल काचेची खिडकी बसवली. यादवशेठ कांद्याचे व्यापारी. बंगला थेट बाजार समितीच्या आवारासमोर, त्यामुळे दिवसभर ट्रॅक्टर, टेम्पो, लिलावाचा पुकारा. त्यांच्या वडिलांची खोली वरच्या मजल्यावर, आवाराच्या अगदी तोंडावर. अण्णांना शांत झोप मिळावी म्हणून शेठनी हौसेनं हे काम काढलं. दोन काचा, मध्ये कोरडी बंद हवा, आणि झडप चौकटीवर घट्ट बसावी म्हणून खोलीच्या आतल्या अंगाने चारही बाजूंनी रबराची पट्टी. म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ नये म्हणून झडपेला कुलूप, चावी सूनबाईंकडे. काम झाल्यावर शेठ खोलीत उभे राहिले, खाली ट्रॅक्टरची रांग बघितली, आणि आवाज येत नाही म्हणून लहान मुलासारखे हसले. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना माझं नाव सांगतो म्हणाले. मीही खूश होतो.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. “खाजाभाई, तुमची खिडकी बोंबलतेय. सगळा आवाज आत येतोय, धूळही येतेय.”

मी गेलो. झडपेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं वीतभर रबर गायब होतं. पहिला संशय उंदरावर. पण उंदीर कुरतडतो, दातांच्या खुणा ठेवतो, तुकडे सांडतो. इथे तर घेवड्याच्या शेंगेची शीर काढावी तसं कोणीतरी रबर सोलून नेलं होतं. खोलीत शोधलं, गच्चीवर शोधलं, कुठे मिळालं नाही.

अण्णा पलंगावर बसून होते. सहादू अण्णांनी चाळीस वर्षं त्या आवारात लिलाव पुकारला होता. माणूस उंच, आवाज अजून खणखणीत, पण काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. मी रबर बसवत असताना त्यांनी विचारलं, “किती वाजले?”

“अकरा.”

थोड्या वेळानं परत, “किती वाजले?” मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चहा घेऊन आलेल्या साधनावहिनींनी, म्हणजे सूनबाईंनी, माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. जिन्यात मला म्हणाल्या, “दिवाळीपासून असंच चाललंय हो. दुपारी झोपून उठले की सकाळ समजून दात घासायला पाणी मागतात. नाशिकला डॉक्टरांना दाखवलं. वयाचं आहे म्हणाले, डोक्यावर परिणाम होतो.”

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर माझं चित्त त्या रबरात होतं.

जानेवारीत दुसरा फोन. आता रबर नव्हतंच, शिवाय दोन काचांच्या मध्ये पांढरी वाफ धरली होती. फट राहिली, दव आणि धुण्याचं पाणी चौकटीत साठून राहिलं, काचेची कड उकलली. अशी काच पुसून साफ होत नाही. आतून पुसा नाहीतर बाहेरून, डाग मध्येच राहतो. पूर्ण काच बदलावी लागते. ती मी बदलली आणि बदलताना एकेकाला मनातल्या मनात पिंजऱ्यात उभं केलं.

पहिला गोटीराम. हा विंचूरचाच खिडकीवाला. काम त्याला मिळायचं ते मला मिळालं, तेव्हापासून त्याचा माझ्याशी अबोला. आणि मधल्या काळात न्हाणीघराचं दार दुरुस्त करायला तोच येऊन गेला होता. दुसऱ्या साधनावहिनी. चावी त्यांच्याकडे, आणि खोलीत हवा कोंडते असं त्या दोनदा बोलल्या होत्या. तिसरे खुद्द यादवशेठ. व्यापारी माणूस, काम फुकटात परत परत करून घ्यायची हौस कोणाला नसते? त्या घरात मी संशय घेतला नाही असा एकच माणूस होता. ज्याला खिडकी दिसत नाही तो तिचं काय वाकडं करणार?

मी एक सापळा लावला. भिंतीवर सरळ रेघ मारायच्या दोरीला आम्ही निळी पूड लावतो. ती बोटाला लागली की दोन-तीन दिवस नखातून जात नाही. नवीन रबराच्या खाली खाचेत ती पूड भरून टाकली आणि कोणाला काही न बोलता निघून आलो.

आठवड्यात फोन आलाच. या वेळी शेठचा आवाज चढलेला होता. “पिंपळगाववाल्यांना काय सांगू मी, तुम्हीच सांगा.”

मी दुपारच्या सुमारास पोचलो. चौकात गोटीराम दिसला, मोटारसायकल थांबवून त्याच्याशी हात मिळवला. अबोला धरलेला माणूस हात मिळवतोय म्हटल्यावर तो गडबडला. नखं स्वच्छ. लिलावाला जेवणाची सुट्टी झाली होती, शेठ घरी जेवत होते. त्यांच्या बोटांना वरण लागलं होतं, नीळ नाही. साधनावहिनींनी पाणी दिलं. नखं हळदीनं पिवळी. माझे तिन्ही आरोपी सुटले आणि मी चिडून जिना चढलो.

अण्णा पलंगावर बसले होते. दहाही नखं निळी. बंडीवर निळे डाग. डोळस माणसाने हात धुतले असते, यांना कळलंच नव्हतं. आणि उजवा कान पाळीपासून वरपर्यंत निळा.

कान बघितला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस त्या फटीला कान लावून बसत होता.

मी दार लोटून घेतलं. “अण्णा, रबर कुठंय?”

गादीखाली हात घालून त्यांनी रबराची तीन वेटोळी काढली. नीट गुंडाळून, गाठ मारून ठेवलेली.

“तुलाच द्यायचं व्हतं,” ते म्हणाले. “चांगला माल हाय, फेकवंना.”

“पण काढता कशाला?”

“किती वाजले?”

मी वैतागून म्हणालो, “साडेबारा.”

“तू सांगितलं म्हनून साडेबारा. मला कसं कळायचं?” त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. “सकाळी भरल्याले ट्रॅक्टर येत्यात. इंजिन कन्हत येतं, जड. मंग लिलाव सुरू व्हतो. दुपारी जेवायची सुट्टी, समदं गप. मंग दुसरा लिलाव. दिस मावळायला रिकाम्या ट्रॉल्या खडखडत जात्यात. रयवारी बाजार बंद. डोळं जाऊन सात वर्सं झाली, मला घड्याळ लागलं नाय कदी. तू ही काच बसवली आन् मला रोजच रयवार झाला. दिस हाय का रात हाय, ते बी कळंना.”

मी मोकळ्या खाचेवरून बोट फिरवलं.

“घरात म्हनत्यात, म्हातारा भरमिष्ट झाला,” अण्णा म्हणाले. “आता मला बी तसंच वाटाया लागलंय. म्हनून फटीला कान लावतो. पुकारा ऐकला की पटतं, नाय, डोकं हाय जाग्यावर.”

“शेठना सांगा की.”

“सांगितलं. म्हनला, अण्णा, तुमी आता आराम करा. हौसेनं केलंय त्यानं. आन् रबर मी काढतो म्हनलं तर येड्याचा शिक्काच बसंल माझ्यावर. तू सांगू नको.”

वीस वर्षं मी लोकांना शांतता विकली. ती कोणाला नको असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या क्षणी मला माझी स्वतःची लाज वाटली. दीड-दोन महिने मी उंदरापासून शेठपर्यंत सगळ्यांच्या पाठी लागलो, आणि खरं नुकसान झालेला माणूस माझ्या समोर बसून मला वेळ विचारत होता.

तेवढ्यात शेठ वर आले. मी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाला नावं ठेवली. “शेठ, काम माझंच कच्चं आहे. ही काढून टाकतो, साधी एका काचेची, उघडता येणारी बसवून देतो.” पिंपळगावचं काम गेलं हे मला कळत होतं.

“मला वाटलंच होतं,” शेठ म्हणाले. “राहू द्या आता. मुंबईच्या कंपनीचा माणूस बोलावतो. ते तीन काचांची बसवतात म्हणे, मुंगीचासुद्धा आवाज येत नाही.”

अण्णांनी हातातलं वेटोळं घट्ट धरलं. ते बघितल्यावर मला गप्प बसवेना. मी शेठना सगळं सांगितलं. कोण रबर काढतं ते, आणि का काढतं तेही.

शेठनी पहिला अर्धा भागच ऐकला. वडिलांचे निळे हात बघून त्यांचा चेहरा पडला. “आता घरातल्या वस्तूही तोडायला लागले,” ते हळू म्हणाले. “म्हणजे डॉक्टर बोलले ते बरोबर होतं.”

“शेठ, तुमचं घड्याळ आणि मोबाइल माझ्याकडे द्या,” मी म्हणालो. “मी रबर बसवतो. तुम्ही डोळे मिटून अण्णांच्या शेजारी पडा. दुसऱ्या लिलावाची वेळ झाली की उठून जा. मी काही सांगणार नाही.”

“हा काय पोरखेळ?”

“तुमचा रोजचा लिलाव आहे. चुकायचा नाही.”

व्यापारी माणसाला आव्हान सोडवत नाही. शेठ आडवे झाले. वहिनींकडून चावी मागून मी झडप उघडली, वेटोळ्यांतलं रबर खाचेत दाबून बसवलं, झडप ओढली, कुलूप लावलं. हमालांच्या गप्पा, एखादा हॉर्न, चहावाल्याची किटली, सगळं एकदम बंद झालं. काम चोख होतं माझं.

जेवण झालेलं, खोली गार. शेठना गुंगी आली असावी. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “झाली का वेळ?”

मी बोललो नाही.

आणखी थोडा वेळ गेला. “खाजाभाई, किती वाजले?”

मी बोललो नाही. अण्णाही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मुलाच्या दंडावर हात ठेवला.

“अहो, किती...” शेठनी तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि ते मध्येच थांबले. डोळे मिटलेलेच होते. कपाळाला घाम आला होता.

“उघडा,” ते म्हणाले.

मी कुलूप काढून झडप उघडली. दुसरा लिलाव केव्हाच सुरू झाला होता, पुकारा पार मधल्या रांगेपर्यंत पोचला होता. शेठ उठून बसले, पण खाली गेले नाहीत. वडिलांच्या निळ्या कानाकडे बघत राहिले.

“अण्णा, दोन महिने झाले मी तुम्हाला डोक्याच्या गोळ्या देतोय,” ते म्हणाले.

“व्हय,” अण्णा म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष खालच्या आवाजाकडे होतं. “लय झोप येती त्यानं.”