सहा महिने फुंकायचं नाही

सहदेव घागची सनई जोगेश्वरीत सगळ्यांच्या ओळखीची होती. पण वरचे दात गेले, गाल आत बसला आणि फूक बाजूने निसटू लागली. सूर धरायला जावं तर नुसती शीळ. लग्नाची बोलावणी थांबली.

अंधेरीच्या एका दातांच्या कॉलेजात संशोधन चालू होतं. पक्के दात बसवायचे तर जबड्यात स्क्रू घालावा लागतो आणि त्याला धरायला हाड लागतं. सहदेवचं हाड झिजलेलं. नव्या पावडरीने तिथे हाड तयार होतं का, ते त्यांना बघायचं होतं. सहदेव तयार झाला. हिरडीत पावडर भरून झाल्यावर मुलीच्या वयाच्या शर्मिष्ठा डॉक्टरने बजावलं, "काका, ही नाकाच्या पोकळीला लागून आहे. सहा महिने फुंकायचं नाही. शिंकसुद्धा तोंड उघडून. एकदा जरी जोर लागला तरी सगळं निसटेल."

बायको मालन हसून म्हणाली, "लगीन झाल्यापासून पयल्यांदाच घर गप हा."

तिसऱ्या महिन्यात मालन बसल्या जागी गेली. वाजंत्र्यांच्या घरची सवाष्ण सनईशिवाय उचलत नाहीत. मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं, ताशावाला येऊन उभा राहिला. सगळे सहदेवकडे बघू लागले. तिच्यापुढे दुसऱ्या कुणाला वाजवू द्यायला मन धजेना, आणि स्वतः वाजवली तर पुढे जन्मभर सनई नाही. तो जागचा हलला नाही.

"भावोजी, बायकोपेक्षा दात मोठे झाले काय तुमका?" मालनचा भाऊ रतन सगळ्यांदेखत म्हणाला.

नुसत्या ताशावर मालन गेली. रतनने बोलणं टाकलं. शेजारपाजारच्या बायका तोंड फिरवू लागल्या.

सहा महिन्यांनी हिरडी उघडली तर आत पू. सगळं खरवडून काढावं लागलं. तोंडातून नाकापर्यंत भोक राहिलं.

"खरं सांगा काका, वाजवलीत ना?" शर्मिष्ठाने विचारलं.

"नाही बाय."

"घरात मयत झालेलं. एकदाही नाही? मी रागावत नाही हो. बाकीच्यांत पावडर चांगली चाललीय, म्हणून सरांना कारण लिहून हवंय."

तिने कागद पुढे केला. सहदेवने बोट ठेवून सावकाश वाचलं. रुग्णाने सूचना पाळली नाही, वाद्य वाजवले. खाली सहीची जागा.

"मालनला तशीच पाठवली मी," तो म्हणाला.

शर्मिष्ठाने खाली बघतच पेन त्याच्या हातात दिलं. "सही नसेल तर भोक बंद करायचं इथे नाही होणार, काका."

सहदेवने पेन तसंच कागदावर आडवं ठेवलं आणि उठला. जिन्याजवळच्या नळावर तो पाणी प्यायला. अर्धं घशाखाली उतरलं, अर्धं नाकातून शर्टावर आलं. ते पुसत तो जिना उतरू लागला.