इथरची बाटली

रसायनशास्त्र विभागाचं सामान नव्या संकुलात हलवायचं ठरलं आणि भांडारातल्या मावशींच्या मागे व्याप लागला. सव्वीस वर्षं विद्यापीठाच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत त्यांचं राज्य होतं. कुठली बाटली कुठल्या फळीवर आहे हे त्या झोपेतही सांगतील, असं संशोधक विद्यार्थी म्हणायचे. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या राहून वरच्या फळीच्या मागच्या रांगेतलं सामान काढत होत्या. एका हाताने रॅक धरलेला, दुसऱ्या हातात नुकतीच बाहेर ओढलेली एक तपकिरी बाटली.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या हातून इतकी काचेची भांडी फुटली होती की मावशींनी तिचं नाव ‘खळ्ळकन’ ठेवलं होतं. आजही ती बोलणी खायच्या तयारीनेच आली होती. पण तिची नजर मावशींच्या हातावर गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“मावशी, हलू नका,” ती अगदी हळू म्हणाली. “झाकण फिरवलंत का?”

मावशींनी नाही म्हटलं आणि मग स्वतः बाटलीकडे पाहिलं. झाकणाच्या कडेला मिठासारखे पांढरे खडे जमले होते. बाटली इथरची होती. हे द्रावक वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचे असे खडे जमतात आणि मग झाकणाचं एक घासणं किंवा एक धक्काही स्फोटाला पुरतो. सुरक्षेच्या वर्गात याचा फोटो दाखवतात. मावशी तो वर्ग दरवर्षी मागच्या बाकावर बसून ऐकायच्या.

एका हाताने शिडी उतरायची तर बाटलीला धक्का बसायचाच. बाटली परत ठेवावी, तर तिच्या जागेवर शेजारची बाटली कलंडली होती. भलत्या वेळी भलतं सुचावं तसं त्यांना आठवलं, की नवऱ्याचा चष्मा दुरुस्तीला म्हणून आपण पर्समध्ये घातलाय आणि तो बिचारा दिवसभर घरात चाचपडत बसणार.

“तू आधी बाहेर जा,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या कमरेपाशी जी फळी आहे, ती मी रिकामी करते. तिथे ठेवा.”

“अगं, तुझ्या हातांचा काय भरवसा? जा म्हणते ना.”

मुलगी गेली नाही. त्या फळीवर आठ बाटल्या होत्या. तिने पहिली दोन्ही हातांनी उचलली, खाली जमिनीवर ठेवली. दुसरी. तिसरी. पाचवी बाटली फळीच्या कडेला टेकली, रॅक किंचित करकरला आणि दोघींचाही श्वास अडकला. काही झालं नाही. मावशींच्या खांद्यातून कळा येऊ लागल्या, तळव्याला घाम सुटला. बाटली निसटेल म्हणून घट्ट धरावी, तर घट्ट धरायचीही भीती.

आठवी बाटली खाली गेल्यावर मुलीने अंगातला ॲप्रन काढून घडी केली आणि फळीवर अंथरला. मावशींनी इंचाइंचाने हात खाली आणला. बाटली कापडावर टेकली. पण बोटं काही सुटेनात. आखडून गेली होती. मुलीने जवळ येऊन त्यांचं एकेक बोट उलगडलं, शेवटी अंगठा. तिचे हात बर्फासारखे गार होते.

धावायचं नाही, असं एकमेकींना बजावत दोघी बाहेर पडल्या. रखवालदाराने सगळी इमारत रिकामी करवली. समोरच्या हिरवळीवर दोन-अडीचशे विद्यार्थी जमले. तास बुडाला म्हणून काही जण खूश होते, फोटो काढत होते. दीड तासाने बॉम्बनाशक पथकाची जाड पोशाखातली माणसं आली आणि वाळू भरलेल्या पेटीतून बाटली वसतिगृहामागच्या मोकळ्या माळावर घेऊन गेली. ती उडवली तेव्हा वसतिगृहाच्या खिडक्या खडखडल्या. हिरवळीवरचं हसणं जागच्या जागी थांबलं. मावशी मटकन खाली बसल्या.

संध्याकाळी त्या स्वतःहून विभागप्रमुखांकडे गेल्या. बाटलीवरची तारीख त्यांच्याच अक्षरातली होती, अकरा वर्षांपूर्वीची. दरवर्षीच्या तपासणीत त्यांनी पुढची रांग पाहिली आणि मागचीही ठीक असेल असं धरून सही केली. हे सगळं त्यांनी सांगून टाकलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. प्रमुख म्हणाले, त्या तपासणीच्या कागदावर माझीही सही आहे. दोघांचीही चौकशी झाली, दोघांनाही लेखी ताकीद मिळाली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या फळ्या तपासायला तीच जाड पोशाखातली माणसं आली. कुठे काय आहे हे फक्त मावशींना माहीत. उंबरठ्याशी त्यांचे पाय अडले. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती, तिला आत यायची परवानगी नव्हती. मावशी आत गेल्या आणि हाताने दाखवत एकेक फळी सांगत राहिल्या. मागच्या रांगेत तशाच आणखी दोन बाटल्या निघाल्या.

नव्या संकुलातलं भांडार ऐसपैस आहे, भरपूर उजेडाचं. फळ्या एका रांगेच्याच आहेत, तसं मावशींनी मागूनच घेतलं. तरी कुठलीही बाटली उचलण्याआधी त्या वाकून तिच्या झाकणाभोवती नजर फिरवतात, आणि मागे कुणी घाई करत असेल तर त्यांच्या तळव्याला घाम सुटतो.